शिक्षकाच्या टाचणवहीतले संशोधन

‘कृतिसंशोधन’ हा शब्द आज आपल्या अध्यापक विद्यालयांत इतका रुळला आहे की तो कुठून आला, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, कृतिगृहीतके, व्याप्ती व मर्यादा, कार्यवाही, निष्कर्ष अशी त्याची ठरलेली घडी असते, आणि बी. एड.चा विद्यार्थी ती लग्नपत्रिकेच्या मजकुरासारखी डोळे मिटून भरतो. असे शेकडो अहवाल मी तपासले आहेत. त्यांतले बहुतेक मी विसरलो. परंतु ते तपासता तपासता या शब्दाच्या जन्मकथेचा छंद मात्र जडला. ती कथा मोठी चमत्कारिक आहे. तिची सुरुवात शाळेत होतच नाही!

कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ १८९० साली त्या वेळच्या प्रशियात एका ज्यू कुटुंबात जन्मला. बर्लिनच्या विद्यापीठात त्याचे नाव झाले होते. पण १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि लेविनने देश सोडला. अमेरिकेत आयोवा येथे तो स्थिरावला. माणसाचे वागणे बदलते कसे, हा त्याचा ध्यास. हुकूमशाहीतून पळून आलेल्या माणसाला हा प्रश्न केवळ पुस्तकी कसा वाटेल?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगल्या मांसाची टंचाई झाली, तेव्हा गृहिणींनी जनावराचे काळीज, मूत्रपिंड असले भाग रांधावेत अशी सरकारची इच्छा होती. लेविनने बायकांचे काही गट घेतले. निम्म्या गटांना उत्तम व्याख्यान दिले : पोषणमूल्ये, राष्ट्राची गरज, पाककृती, सगळे काही. उरलेल्या गटांत मात्र बायकांनाच आपसांत बोलू दिले, अडचणी मांडू दिल्या आणि शेवटी निर्णयही त्यांनाच घेऊ दिला. पुढे घरोघरी चौकशी केली, तर व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ जणींनीच नवा पदार्थ रांधला होता. आपसांत ठरवून उठलेल्यांत हे प्रमाण शेकडा ३२ निघाले. आयुष्यभर व्याख्यानेच देत आलेल्या आम्हा शिक्षकांना हे आकडे झोंबावेत असेच आहेत.

१९४६ साली लेविनने अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर एक निबंध लिहिला आणि त्यात कृतिसंशोधनाची रीत मांडली. आधी योजना, मग तिचा एक टप्पा अमलात आणणे, मग काय घडले याचा शोध, आणि त्या शोधाच्या उजेडात पुढच्या टप्प्याची दुरुस्त योजना. उदाहरण त्याने युद्धातलेच दिले : शत्रूच्या कारखान्यावर बाँब टाकून झाले की टेहळणीचे विमान पुन्हा जाऊन पाहते, नेम लागला का? ते पाहिल्यावाचून दुसरी फेरी आखता येत नाही. आमच्या शाळाखात्याच्या किती योजनांमागून असे टेहळणीचे विमान गेले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. असो. हा शब्द एकट्या लेविनचाही नव्हे. अमेरिकेतल्या आदिवासींच्या कारभाराचा आयुक्त जॉन कॉलियर १९३३ ते १९४५ या काळात त्याच वाटेने चालला होता. ज्यांच्यासाठी सुधारणा करायची त्यांनाच शोधात सामील केल्याशिवाय ती टिकत नाही, हे त्याला कारभार करतानाच उमगले होते.

लेविन १९४७ साली वारला. त्याची रीत शाळेच्या वर्गात आणली ती न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधील स्टीफन कोरी याने. शालेय व्यवहार सुधारण्यासाठी कृतिसंशोधन कसे करावे, यावरचे त्याचे पुस्तक १९५३ साली निघाले. कोरीचे म्हणणे साधे, पण विद्यापीठांना न रुचणारे होते. दुसऱ्याने केलेले संशोधन वाचून शिक्षक बदलत नाही; स्वतःच्या कामाचा पुरावा स्वतः गोळा केला तर बदलतो. त्याचा निष्कर्ष साऱ्या जगाला लागू पडला नाही तरी चालेल. त्याच्या वर्गाला लागू पडला की झाले. यावर विद्वानांचा हल्ला झालाच. नमुना लहान, संख्याशास्त्र कच्चे, शिक्षकाला संशोधनाचे शिक्षण नाही, असे आक्षेप १९५७च्या सुमारास छापून आले. त्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, अमेरिका हादरली, आणि तज्ज्ञांनी अभ्यासक्रम आखावेत व शिक्षकांनी ते राबवावेत, असा वारा वाहू लागला. तिकडे कृतिसंशोधन मागे पडले.

आणि गंमत अशी की, नेमके त्याच सुमारास ते आपल्याकडे आले. मुदलियार आयोगाचा अहवाल १९५३ साली आला होता. त्यानंतर १९५५ पासून प्रशिक्षण महाविद्यालयांना जोडून विस्तार सेवा विभाग निघाले. १९६१ साली एन. सी. ई. आर. टी. स्थापन झाली. या विभागांच्या शिबिरांतून हा शब्द भारतीय शिक्षकांच्या कानी पडला. शब्द परदेशी होता. काम मात्र, माझ्या मते, आपल्याकडे आधीच सुरू झाले होते.

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांचे ‘दिवास्वप्न’ अनेकांनी वाचले असेल. त्यातला शिक्षक अधिकाऱ्याकडून चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाला मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो शांततेचा खेळ योजून जातो आणि मुले वर्ग डोक्यावर घेतात. तो घरी येऊन योजना बदलतो, दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगू लागतो. कथा कल्पित आहे. पण योजना, कृती, फजिती, नवी योजना हे लेविनचे चक्र लेविनच्या निबंधाआधीच तिथे फिरते आहे.

त्याच गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघर जिल्ह्यात) बोर्डीला आल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, परंतु गरिबांची मुले तिच्यात येईनात. आपले अधिकारी अशा वेळी पालकांच्या अज्ञानावर एक परिच्छेद लिहितात. या दोघींनी ‘का येत नाहीत?’ असे विचारले. धाकटे भावंड सांभाळायचे असते, हे उत्तर मिळाले. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. माँटेसरीची महागडी साधने परवडेनात, तर बिया, शंख-शिंपले, पाने यांवर काम भागवले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांशी गाठ पडली. ही मुले दिवसभर गुरांमागे. तेव्हा शाळा कुरणावर गेली आणि कुरणशाळा झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणल्या, म्हणजे भावंड सांभाळणारी मुलगी आपसूकच शाळेत आली. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या अपयशातून उचललेले! कृतिगृहीतक कोणत्याही रकान्यात लिहिलेले नव्हते, तरी ते दरवेळी कसाला लागले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना काढली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, ‘का येत नाहीत?’ हे विचारणे किती ठिकाणी गेले, हा प्रश्न वेगळा.

तिकडे इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस याने १९६७ ते १९७२ या काळातल्या आपल्या प्रकल्पात, आणि १९७५च्या पुस्तकात, शिक्षक हाच संशोधक हा विचार पुन्हा उभा केला. आपल्याकडे १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या व कृतिसंशोधन त्यांच्या कामांत घातले गेले. ते अभ्यासक्रमात आले, त्याला गुण आले. गुण आले, की अपयश लिहिण्याची सोय संपते. मी तपासलेल्या अहवालांत पूर्वचाचणीपेक्षा उत्तरचाचणीचे गुण वाढले नाहीत, असा अहवाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. महिनाभरात सगळ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारते!

त्या मोजक्यांतला एक सांगतो. एका खेड्यातल्या बाईंनी तिसरीच्या वर्गासाठी हातच्याच्या वजाबाकीवर योजना लिहिली होती. समस्या नेमकी होती : ५२ मधून ३८ वजा करताना निम्म्याहून अधिक मुले २६ लिहीत. गृहीतक असे की, रोजचा सराव दिला तर चुका कमी होतील. तीन आठवडे सराव दिला. चुका तेवढ्याच राहिल्या. फरक इतकाच की मुले त्या अधिक वेगाने करू लागली. हे वाक्य बाईंनी जसेच्या तसे लिहिले होते. मग त्यांनी एकेका मुलाला जवळ बसवून मोठ्याने बोलत गणित करायला लावले आणि ते बोलणे टाचणवहीत उतरवून घेतले. मुले म्हणत, ‘दोनातून आठ जात नाहीत, मोठ्यातून लहान काढायचे असते, म्हणून आठातून दोन.’ नेहमी मोठ्यातून लहान वजा करावे, हे मुलांना पहिलीत शिकवलेले होते! मुले निष्काळजी नव्हती. शाळेनेच दिलेला नियम ती इमानाने पाळत होती. बाईंनी सराव थांबवला, काड्यांचे गठ्ठे आणले, गठ्ठा सोडवून सुट्या काड्या करायला शिकवले.

हा अहवाल त्यांच्या महाविद्यालयाने एकदा परत पाठवला होता. मूळ गृहीतक सिद्ध झाले नाही, सबब पहिले तीन आठवडे वगळून नव्याने लिहावे, असा शेरा होता. बाईंनी ते वगळले नाहीत. माझ्यापुढे आला तो शेऱ्यासकट. मी पहिले तीन आठवडेच दोनदा वाचले आणि गुण दिले. पुढे एका शिबिरात त्या भेटल्या, तेव्हा काड्यांनी काय साधले ते विचारले. पुष्कळ मुलांना जमले, चौघांना अजून नाही, असे त्या म्हणाल्या. आणि पहिलीच्या गुरुजींशी बोलून ते ‘मोठ्यातून लहान’चे वाक्य तेवढे आता बदलून घेतले आहे, हेही.