कथालेखनाचे शिक्षण : एक ऐतिहासिक विचार

गायकाला गुरू असतो, चित्रकाराला शाळा असते. आणि उर्दू शायरीच्या परंपरेत शागिर्द आपली गझल उस्तादापुढे ठेवून तिच्यावर इस्लाह, म्हणजे दुरुस्ती, घेत असे. गद्य कथेला मात्र असे घराणे लाभले नाही. १८५७ मध्ये बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. त्यानंतरचे मराठी कादंबरीकार बव्हंशी परभाषेतील ग्रंथ वाचून आणि मासिकांची निकड भागवीत घडले. कथा शिकविता येते काय, या प्रश्नाला त्या काळी फारसे स्थानच नव्हते. आज कथालेखनाचे वर्ग व कार्यशाळा ठिकठिकाणी भरतात. अशा वेळी या शिक्षणाची कल्पना कोणत्या वळणांनी येथवर आली, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या प्रश्नाची गाजलेली जाहीर चर्चा १८८४ साली इंग्लंडमध्ये झाली. वॉल्टर बेझंट या कादंबरीकाराने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देऊन असे प्रतिपादन केले की, कादंबरी ही चित्रकला व संगीत यांच्या तोलाची कला आहे आणि तिचेही नियम त्या कलांच्या नियमांप्रमाणे शिकविता येतील. त्याचा एक नियम असा की, लेखकाने स्वानुभवाची कक्षा ओलांडू नये; शांत खेड्यात वाढलेल्या तरुणीने लष्करी छावणीचे जीवन रंगवू नये. त्याच वर्षी हेन्री जेम्सने त्याला उत्तर दिले. त्याने एका लेखिकेचा दाखला दिला. पॅरिसमध्ये जिना चढताना तिने उघड्या दारातून टेबलाभोवती बसलेले काही तरुण प्रोटेस्टंट क्षणभर पाहिले, आणि तेवढ्या दर्शनावर तिने त्यांचे जग उभे केले. शिकण्याला जेम्सचा विरोध नव्हता. नियम आधी आणि कथा मागाहून, हा क्रम त्याला मान्य नव्हता.

मराठीत बेझंटची बाजू सर्वांत समर्थपणे मांडली ती ना. सी. फडके यांनी. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथाचे नावच बोलके आहे. प्रतिभा ही केवळ ईश्वरी देणगी नसून साधनेचाही विषय आहे, असा विश्वास त्यात आहे. कथानकाची गुंफण, स्वभावचित्रण, वातावरण, निवेदन, आरंभ आणि शेवट यांची शिस्तबद्ध चर्चा करून फडक्यांनी नवशिक्या लेखकाचा संकोच दूर केला, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु तंत्राचेच पुढे साचे झाले. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी जी कथा लिहिली, तिने रेखीव कथानकाची ही चौकट सैल केली.

दरम्यान शिक्षणाची दुसरी एक रीत अन्यत्र आकार घेत होती. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये विल्बर श्रॅम यांच्या नेतृत्वाखाली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. तेथे नियम सांगण्यापेक्षा विद्यार्थ्याची कथाच सर्वांपुढे ठेवून तिची चर्चा करण्यावर भर होता. ही चर्चा चालू असता लेखकाने गप्प बसावयाचे, असा प्रघात या पद्धतीत रूढ झाला. लाहोरमध्ये १९३९ साली काही तरुणांनी ‘बज्म-ए-दास्तानगोयाँ’, म्हणजे कथा सांगणाऱ्यांची बैठक, भरविली. तीच लवकरच ‘हल्का-ए-अरबाब-ए-जौक’ या नावाने प्रसिद्धीस आली. एकाने लेखन वाचावे आणि उपस्थितांनी भीडभाड न ठेवता त्याची चिकित्सा करावी, ही तिची रीत. पुढे मुंबईत १९४९ मध्ये निधन पावलेले कवी मीराजी यांनी या चिकित्सेला शिस्त लावली. दोन्ही ठिकाणी शिकवणारा होता तो वाचक. आपण लिहिले असे वाटते ते आणि कागदावर उतरलेले यांतील अंतर लेखकाला स्वतःहून दिसत नाही. ते त्याला दुसऱ्याच्या वाचनातूनच कळते.

महाराष्ट्रात हे काम टपालाने झाले. १९३३ ते १९८२ या काळात निघालेल्या ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे लेखकांशी पत्रव्यवहार करीत. कथेतील उणे दाखवून ती पुन्हा लिहावयास सुचवीत. नव्या लेखकाला ते पत्र म्हणजे एक वर्गच होता. तथापि १९६० नंतर लघुनियतकालिकांच्या तरुणांनी याच संपादनावर साचेबंद अभिरुचीचा आरोप ठेवला आणि ‘सत्यकथे’च्या अंकाची होळीही केली. या रागात अतिरेक होता, पण प्रश्न खरा होता. वाचक जर शिक्षक असेल, तर तो वाचक कोण?

हा प्रश्न आयोवातही उभा राहिला होता. १९४५ मध्ये फ्लॅनरी ओकॉनर जॉर्जियाहून तेथे आली, तेव्हा कार्यशाळेचे संचालक पॉल एंगल यांना तिचे दक्षिणी उच्चार समजेनात. त्यांनी तिला म्हणणे कागदावर लिहून देण्यास सांगितले. तिला प्रवेश मिळाला, आणि त्याच बोलीच्या प्रदेशातून तिच्या कथा पुढे आल्या. कागद पुढे केला गेला नसता तर काय झाले असते, याचा विचार आपण करावयास हवा. कारण आपल्याकडे अनेकांपुढे तो केला गेला नाही. अण्णा भाऊ साठे यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही. त्यांची शाळा म्हणजे तमाशा, कलापथक आणि कामगार वस्ती. तिच्यातून १९५९ ची ‘फकिरा’ आली. १९६३ मध्ये बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह निघाला. त्यातील जीवन समजून घेण्यासाठी मराठी वाचकालाच नव्याने शिकावे लागले.

कथालेखन शिकविता येते, हे या इतिहासावरून मान्य करावे लागते. परंतु शिकविता येते ते मुख्यतः आपले लेखन दुसऱ्याच्या कानांनी ऐकणे. म्हणून कार्यशाळा भरविणाऱ्याने कोणते तंत्र शिकवावे, याच्या आधी टेबलाभोवती कोणाला बसवावे, याचा विचार केला पाहिजे. एकाच शाळेत, एकाच वस्तीत आणि एकाच प्रमाण भाषेत वाढलेले दहा जण एकमेकांच्या कथा ऐकतील, तर एकमेकांचे दोष दाखवितील. पण सर्वांचा मिळून जो दोष, तो मात्र कोणाच्याच ध्यानी येणार नाही.