टर्नरचे तीन प्रश्न

लेथवर पोलादाचा जॉब चढवला की टर्नरपुढे तीन प्रश्न येतात: टूल कोणते घ्यायचे, वेग किती ठेवायचा आणि फीड (दर फेऱ्याला टूलने पुढे सरकणे) किती द्यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ही उत्तरे कारागिराच्या डोळ्यांत आणि कानांत होती. चिपचा रंग आणि टूलचा आवाज यांवरून तो अंदाज बांधी. ओळखीच्या पोलादाला तो अंदाज पुरे. पोलाद बदलले की चुके, आणि त्या काळात पोलादे झपाट्याने बदलत होती. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने 1882 मध्ये सुमारे 12 ते 14 टक्के मँगनीज असलेले पोलाद तयार केले, तेव्हा जुन्या टूलांनी हारच खाल्ली. टूलचा दाब पडताच या पोलादाचा पृष्ठभाग आणखी कठीण होतो. त्यामुळे त्याच्या वस्तू साच्यात ओतून आणि ग्राइंडिंग करूनच आकाराला आणाव्या लागत.

त्या वेळचे टूल साध्या कार्बन पोलादाचे असे. लाल तापवून त्याला पाणी देत, मग हलकी आच दाखवून ठिसूळपणा काढून टाकत. घर्षणाने धार 200–250 अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की दिलेले पाणी उतरे आणि टूल बोथट होई. इंग्लंडमधील रॉबर्ट मशेटने 1868 मध्ये टंगस्टन घातलेले पोलाद बाजारात आणले. ते हवेत थंड होतानाच कठीण होई आणि जास्त उष्णता सोसे. वेग थोडा वाढला, पण तो कोणत्या धातूला किती वाढवावा याचे उत्तर तरीही कारागिराच्या अंदाजावरच राहिले.

हा अंदाज आकड्यांत बांधण्याचे काम फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात सुरू झाले. फ्रेडरिक टेलर तिथे 1878 मध्ये मजूर म्हणून लागला आणि लवकरच मुकादम झाला. दिवसाला किती काम व्हायला हवे यावरून त्याचे कामगारांशी खटके उडत. लेथ नेमकी किती वेगाने चालू शकते हे दोन्ही बाजूंपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. मालक विल्यम सेलर्स यांच्या परवानगीने टेलरने 1880 मध्ये प्रयोग मांडले. कामगारांवर जरब बसवण्याचा हेतू त्यामागे होताच. पण त्यातून जे ज्ञान निघाले ते हेतूपेक्षा फार मोठे ठरले.

प्रयोगासाठी 66 इंच व्यासाची बोरिंग मिल घेतली. कापायला आगगाडीच्या चाकांवर बसवायच्या पोलादी धावा निवडल्या, कारण त्यांचा धातू कठीण आणि सर्वत्र सारखा असे. दिवसेंदिवस तोच धातू कापत राहिल्याने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहता आली: कधी टूलच्या टोकाचा आकार, कधी फीड, कधी कटची खोली. गोल टोकाचे टूल तेव्हाच्या रूढ टोकदार टूलपेक्षा सरस ठरले. वेग कमी ठेवून फीड जाड दिला तर धातू जास्त निघतो, हेही दिसले. चिप सुटते त्याच जागी पाण्याची जोरदार धार सोडली तर वेग 30 ते 40 टक्के वाढवता येतो, हे 1883 च्या सुमारास कळले. त्याआधी टूल गरम होऊ नये म्हणून थेंबथेंब पाणी टाकणेच पुरेसे मानत.

खरा धक्का बेथलेहेम पोलाद कारखान्यात बसला. तिथे 1898 पासून टेलर आणि धातुतज्ज्ञ मॉन्सेल व्हाइट क्रोमियम-टंगस्टन पोलादाची टूले तपासत होते. ठरावीक तापमानापुढे पोलाद तापवले तर ते बिघडते, हा लोहारांचा ठाम समज. काही अंशांपर्यंत तो खराही होता. पण त्याही पलीकडे, जवळजवळ वितळण्याच्या टोकापर्यंत तापवलेली टूले उलट अधिक टिकली. हेच हाय-स्पीड स्टील. पॅरिसच्या 1900 सालच्या प्रदर्शनात या टूलचे टोक लालबुंद होऊनही कापत होते आणि चिपा निळ्या पडून बाहेर येत होत्या. युरोपातल्या इंजिनियरांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

टेलरने 1906 मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंता संस्थेपुढे 26 वर्षांचा हिशेब मांडला: 30 ते 50 हजार प्रयोग, 8 लाख पौंडांहून अधिक धातूच्या चिपा आणि वेगावर परिणाम करणारी 12 स्वतंत्र कारणे. ही बारा कारणे एका गणितात गुंफणे कारागिराला शक्य नव्हते, म्हणून कार्ल बार्थने त्यासाठी खास सरकपट्टी बनवली. तिच्यावरून उत्तर अर्ध्या मिनिटात मिळे. मात्र कारागिराचा निर्णय तेव्हापासून ऑफिसच्या टेबलावर गेला. कामगारांना हे खुपले, आणि त्यात गैर काही नव्हते.

याच कामातून वेग आणि टूलचे आयुष्य यांचा संबंध सांगणारे सूत्र आले. हाय-स्पीड स्टीलसाठी त्याचा अर्थ कठोर आहे: वेग 9 टक्के वाढवला की टूलचे आयुष्य निम्म्यावर येते. फीड आणि कट आधी ठरवावा, वेगाला शेवटी हात लावावा, हा शॉपचा नियम त्यामुळेच पक्का झाला.

पुढे कार्बाइड आले. कार्ल श्रोटरने 1923 मध्ये जर्मनीत टंगस्टन कार्बाइड कोबाल्टने बांधून त्याचे पेटंट घेतले आणि क्रुप कंपनीने ते ‘विडिया’ नावाने विकले. बिडावर ते अप्रतिम चाले. पोलादाची सलग, तापलेली चिप मात्र टूलच्या माथ्यावर घासत जाऊन तिथे खड्डा पाडी. मिश्रणात टायटेनियम कार्बाइड घातल्यावर तो दोष आटोक्यात आला. पोलादाची आणि बिडाची कार्बाइडे आजही वेगळी असतात, त्याचे मूळ इथे आहे.

पुण्या-कोल्हापूरच्या वर्कशॉपांत पोलादांची अजूनही ‘ईएन-8’, ‘ईएन-24’ अशीच नावे चालतात. ही दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश यादीतली आहेत. ज्याचे नावच ठाऊक नाही असा तुकडा आला, तर आधी ग्राइंडरवर ठिणगी पाहतात. कार्बन जास्त असेल तर ठिणग्या दाट फुटतात, टंगस्टन असेल तर त्या मंद लाल पडतात. मग कठीणपणा मोजून तक्त्यातल्या जवळच्या पोलादापेक्षा कमी वेगाने पहिला कट घेतात. धारेवर धातू चिकटून बसला तर वेग वाढवतात. टूलच्या माथ्यावर खड्डा पडला तर वेग उतरवतात किंवा कार्बाइडचा ग्रेड बदलतात. स्टेनलेससारखे कापताना कठीण होणारे पोलाद असेल, तर फीड बारीक करत नाहीत आणि टूल जागेवर घासू देत नाहीत. धार कठीण थराच्या खालून चालली पाहिजे. तक्ता फक्त सुरुवातीचा आकडा देतो. अंतिम वेग पहिल्या कटनंतर टूलची धार पाहूनच ठरवावा लागतो.