फिलिपाला कोणी विचारलं होतं?

प्रबोधनकाळातल्या व्यभिचाराच्या कथा आपण बहुधा चावट म्हणून वाचतो आणि हसून सोडून देतो. आज एकच गोष्ट घेऊ आणि हसून झाल्यावर थोडं थांबू.

१३४८च्या प्लेगनंतर बोकाच्चोने 'डेकॅमेरॉन' लिहिला. फ्लोरेन्सबाहेर गेलेल्या सात तरुणी आणि तीन तरुण दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात. सहाव्या दिवसाची सातवी गोष्ट प्रातो शहरातली आहे. तिथला कायदा असा, की नवऱ्याने प्रियकराबरोबर पकडलेली बायको असो की पैसे घेऊन परपुरुषाकडे जाणारी बाई, दोघींनाही जिवंत जाळायचं. फिलिपा अशीच पकडली जाते. आप्त म्हणतात, जाऊ नकोस. ती मात्र न्यायालयात जाते आणि सरळ कबुली देते.

मग ती म्हणते, कायदा ज्यांना लागू होतो त्यांच्या संमतीने व्हायला हवा. हा फक्त बायकांना लागू आहे, आणि करताना एकाही बाईला विचारलेलं नाही! हा मुद्दा हवेतून आलेला नाही. जे सर्वांशी संबंधित आहे, त्याला सर्वांची मान्यता हवी, हे सूत्र रोमन कायद्यातून चर्चच्या कायद्यात आलं होतं. आणि बोकाच्चो तरुणपणी नेपल्समध्ये चर्चचाच कायदा शिकला होता. विद्वानांचं ते सूत्र त्याने एका आरोपी बाईच्या तोंडी घातलं.

पुढे ती नवऱ्यालाच विचारायला लावते, मी तुम्हाला कधी नाही म्हटलं का? तो म्हणतो, कधीच नाही. मग उरलेल्या प्रेमाचं मी काय करायचं, कुत्र्यांना घालायचं? सगळं न्यायालय हसतं. कायदा तिथल्या तिथे बदलतो आणि फिलिपा सुटते.

पण बदलतो किती? यापुढे शिक्षा फक्त पैशासाठी नवऱ्याशी प्रतारणा करणाऱ्या बाईला. आता बघा, त्या काळी इटलीच्या शहरांत बऱ्या घरांतली लग्नं हुंड्याच्या बोलणीने ठरत. घराण्यांनी पैसा घेतला तर ते लग्न, बाईने स्वतः घेतला तर चिता.

फिलिपाचं सूत्र आपण खरोखर मान्य करत असू, तर ते तिच्यापाशी थांबवता येत नाही. त्या दुसऱ्या बाईलाही कोणी विचारलेलं नव्हतं. प्रातोचे लोक हसत घरी गेले. तो प्रश्न मात्र आपल्यासाठी राहिला.