दिनविशेष : मालवण कंपनीकडे गेले तो दिवस

१ ऑक्टोबर १८१२

कोल्हापूर दरबार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात या दिवशी तह झाला. मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे किल्ले करवीरकरांनी कंपनीला कायमचे तोडून दिले. लढाऊ गलबते बाळगणार नाही, हेही कबूल केले. एक कलम मात्र थांबून वाचण्याजोगे आहे : वादळात किनाऱ्याला लागलेल्या किंवा फुटलेल्या जहाजावर दरबाराने हक्क सांगायचा नाही. समुद्राने दारात आणून टाकलेलेसुद्धा आपले नाही!

तहाच्या बैठकीत होते ते दरबार आणि कंपनी. दरबाराच्या आरमारावर पोट असलेल्या गाबित समाजातल्या दर्यावर्दी-मच्छीमारांना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. न विचारण्याची ही सवय पुढेही सुटली नाही. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांचा विरोध याच मुद्द्यावर होता : पाणी आमचे, मग ठरवता तुम्ही कसे? पर्ससीन जाळी वापरणाऱ्या आणि पारंपरिक मच्छीमारांच्या वादातही तोच सवाल आहे. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमारांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढली जाते, तिथून तहात दिलेला पद्मगड समोरच दिसतो. ओहोटीला चालतही जाता येते.