पटावरचं घर

एप्रिल १९१७, फ्रान्समधली शँपेनची लढाई. त्या धांदलीत गणितांचं एक बाड आघाडीवरून मागे पाठवलं गेलं आणि हरवलं. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाऱ्याखाली सापडलं. बाड होतं लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाचं. शांततावादी क्वेकर पंथाचा असल्याने त्याने बंदूक नाकारली आणि जखमींची गाडी चालवायला घेतली. फावल्या वेळात तो २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचं हवामान आकडेमोडीने काढत बसे.

त्यासाठी त्याने युरोपच्या नकाशावर बुद्धिबळासारखा पट आखला. एक घर साधारण २०० किलोमीटरचं. एकाआड एक घरांत दाब आणि वारा. उत्तर आलं की, सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. तरी १९२२ साली त्याने हे चुकलेलं उत्तर पुस्तकात जसंच्या तसं छापलं. त्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे.

आजच्या बहुतेक हवामान मॉडेलांच्या पोटात असाच पट आहे. १९५० मध्ये एनियाक या संगणकावर पहिला अंदाज काढला, तेव्हा घर ७३६ किलोमीटरचं होतं. पुढे ते लहान होत गेलं, पण शंभर वर्षांच्या तापमानवाढीचा हिशेब करणाऱ्या मॉडेलांत बराच काळ १०० किलोमीटरच्या आसपासच अडून राहिलं. घराची बाजू निम्मी केली की घरं चौपट होतात, वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. काम आठपट वाढतं.

एवढा खटाटोप का, ते २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस आठवला की कळतं. २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. मोठ्या घरात ही दोन्ही ठिकाणं मावतात आणि त्यांची सरासरी होते. असा पाऊस पाडणारा ढग काही किलोमीटरचाच. तो पटावर दिसतच नाही, म्हणून त्याच्या जागी ठोकताळा वापरावा लागतो. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे ठाऊक आहे. ते कुठे आणि किती तासांत कोसळेल, हे ठोकताळ्यावर सोडणं मला धोक्याचं वाटतं.

ब्रिटिश हवामान खात्याच्या संशोधकांनी ब्रिटनच्या दक्षिण भागासाठी १.५ किलोमीटरची घरं आखली. २०१४ साली आलेलं उत्तर असं: जग तापलं की उन्हाळ्यातल्या तासाभराच्या सरी अधिक जोरदार होतील. त्यांच्याच १२ किलोमीटरच्या मॉडेलला ही वाढ दिसली नव्हती.

सह्याद्रीसाठी असं काही मांडायचं, तर धो-धो पावसाचं महाबळेश्वर आणि पर्जन्यछायेतली वाई आधी वेगवेगळ्या घरांत यायला हवीत.