यादीतलं नाव

1999 च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्रच झाल्या. मी तेव्हा जळगाव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होतो आणि शिक्षकाच्या नशिबी निवडणुकीची ड्युटी ठरलेलीच. माझ्याकडे मतदान अधिकारी क्रमांक एकचं काम आलं. यादी समोर धरायची, नाव शोधायचं, ते मोठ्याने वाचायचं, म्हणजे एजंटांना आक्षेप घ्यायचा तर घेता येतो, आणि नावाखाली रेघ मारायची. बाई असेल तर वेगळी खूण करायची, कारण दर दोन तासांनी पुरुष किती आणि स्त्रिया किती हा आकडा वर कळवावा लागे.

दुपारी बायकांच्या रांगेतून एक जण आत आल्या. साडी, डोक्यावर पदर, हातात चिठ्ठी. मोहल्ल्यात त्यांना सगळे आपा म्हणत, मीही म्हणत असे. यादीत त्यांचं लहानपणीचं, मुलाचं नाव होतं आणि पुढे 'पु'. मी ते नाव मोठ्याने वाचलं. एजंट हसले. एक जण म्हणाला, "रांग चुकली." आणि मी त्यांना पुरुषांच्या रांगेत जायला सांगितलं. जाताना आपा एवढंच म्हणाल्या, "मास्टरसाब, नाम तो धीरे से पढ़ लेते." अर्धा तास पुरुषांच्या रांगेत उभं राहून त्या परत आल्या. या वेळी मी नाव हळू वाचलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

ही आठवण बावीस वर्षांनी वर आली ती जर्मनीतल्या एका मतपत्रिकेमुळे.

टेसा गांझरर यांचा जन्म 1977 चा, बव्हेरियातल्या त्स्वीझेलचा. झेक सीमेलगतचा हा जंगलाचा मुलूख. त्या वनशास्त्र शिकल्या, ग्रीन पक्षाचं काम करू लागल्या आणि 2013 मध्ये बव्हेरियाच्या विधानसभेवर निवडून आल्या. लोक तेव्हा त्यांना पुरुष म्हणून ओळखत होते. जानेवारी 2019 मध्ये पत्रकार परिषद घेऊन त्यांनी सांगितलं की मी स्त्री आहे आणि माझं नाव टेसा. विधिमंडळाची सदस्य असताना असं उघड सांगणाऱ्या त्या जर्मनीतल्या पहिल्या. त्याच महिन्याच्या शेवटी बव्हेरियात मधमाश्या वाचवण्यासाठीची सह्यांची मोहीम सुरू झाली. दोन आठवड्यांत सतरा लाखांहून जास्त लोकांनी नगरपालिकांच्या कचेऱ्यांत जाऊन, ओळखपत्र दाखवून सह्या केल्या. जंगल आणि किड्यामुंग्यांचं राजकारण तिथे हौसेचं राहिलेलं नव्हतं.

ग्रीन पक्षाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा पेच त्याच्या एका नियमावर उभा आहे. हा पक्ष 1980 मध्ये कार्लस्रूह शहरात स्थापन झाला. अणुऊर्जेला विरोध करणारे, शांतता चळवळीतले, स्त्री चळवळीतले लोक एकत्र आले होते. 1983 मध्ये 5.6 टक्के मतं घेऊन ते बुंडेस्टागमध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, पोहोचले. 1986 मध्ये पक्षाने स्वतःसाठी नियम केला की उमेदवारांच्या यादीतले विषम क्रमांक स्त्रियांचे: पहिला, तिसरा, पाचवा असे. आपल्याकडे महिला आरक्षण कायद्याने आलं, यांनी ते आपणहून स्वतःवर घालून घेतलं. जर्मन मतदार दोन मतं देतो, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाच्या यादीला. मतदारसंघात हरलेला माणूस यादीतून संसदेत जाऊ शकतो, म्हणून यादीतल्या क्रमांकाला मोठी किंमत असते.

ज्या वर्षी हा पक्ष जन्मला त्याच वर्षी जर्मन संसदेने नाव आणि लिंगाची नोंद बदलण्याचा कायदा केला. त्या काळाच्या मानाने तो पुढारलेला होता, हे मान्य केलं पाहिजे. पण नुसतं नाव बदलायलाही दोन तज्ज्ञांचे अहवाल आणि कोर्टाचा आदेश लागे. लिंगाची नोंद बदलायची तर शस्त्रक्रिया हवी, मूल होण्याची क्षमता संपलेली हवी आणि लग्न झालेलं असेल तर ते मोडलेलं हवं. घटनात्मक न्यायालयाने यातल्या अटी एकेक करून काढल्या, लग्नाची 2008 मध्ये आणि शस्त्रक्रियेची 2011 मध्ये. अहवाल मात्र राहिले. तज्ज्ञांसमोर बसून आपल्या बालपणाची, अंतर्वस्त्रांची, शय्येची उत्तरं द्यायची, आणि मग त्यांनी ठरवायचं की तुम्ही कोण.

गांझरर यांनी या वाटेने जायला नकार दिला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा हट्टच वाटला. कागदच तर आहे, करून टाकायचा होता. मग आपांचं ते वाक्य आठवलं आणि मी गप्प झालो.

त्यामुळे 2021 च्या बुंडेस्टाग निवडणुकीत असं झालं की त्यांनी न्यूर्नबर्ग उत्तरमधून टेसा गांझरर म्हणून प्रचार केला आणि मतपत्रिकेवर जुनं, पुरुषाचं नाव छापलं गेलं. उमेदवार दारोदार जाऊन एक नाव सांगतो आणि पडद्याआड गेलेल्या मतदाराला दुसरंच नाव दिसतं, याचा विचार करा. आपल्याकडे नावात एका अक्षराचा फरक पडला तर उमेदवाराचा जीव खालीवर होतो. ती निवडणूकही साधी नव्हती. 2018 पासूनच्या दुष्काळात जर्मनीतली स्प्रूसची जंगलं वाळली होती, खोडकिड्यांनी पोखरली होती. मतदानाच्या दोनच महिने आधी, जुलैत, पश्चिम जर्मनीत आलेल्या पुरात 180 हून अधिक माणसं गेली होती. वनशास्त्र शिकलेल्या उमेदवाराला बोलायला याहून मोठे विषय कोणते मिळणार? पण बातम्यांतून बहुतेक वेळा पुढे आलं ते नाव आणि शरीर.

न्यूर्नबर्ग उत्तरची जागा दुसऱ्या पक्षाकडे गेली. ग्रीन पक्षाला देशभर 14.8 टक्के मतं आणि 118 जागा मिळाल्या, आणि गांझरर बव्हेरियाच्या यादीतून संसदेत गेल्या. त्याच दिवशी लेव्हरकूझनच्या नाइके स्लावीक याही ग्रीन पक्षाच्या यादीतून निवडून आल्या. त्यांचं वय 27. त्यांनी कोर्टाची वाट चालून कागद बदलले होते, त्यामुळे त्यांच्या नावाचा प्रश्न आला नाही. जर्मन संसदेत उघडपणे ट्रान्सजेंडर असलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. शेजारच्या बेल्जियममध्ये तर आदल्याच वर्षी ग्रीन पक्षाच्या पेट्रा दे सुटर उपपंतप्रधान झाल्या होत्या. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि ट्रान्सजेंडर स्त्री. तिथे फारसा गाजावाजाही झाला नाही.

गांझरर यांच्यावर मात्र आक्षेप आला. त्यांचा क्रमांक विषम, म्हणजे स्त्रीचा. कागदावर त्या पुरुष. मग एका स्त्रीची जागा पुरुषाने घेतली, असं म्हणणाऱ्या काही स्त्रीवादी गटांनी निवडीविरुद्ध दाद मागितली. बुंडेस्टागने ती फेटाळली. मी हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. बायकांनी भांडून मिळवलेल्या जागेबद्दल त्या जागरूक असतील तर चुकलं कुठे? पण तुम्ही कोण हे कशावरून ठरवायचं, कागदावरून की माणसाच्या सांगण्यावरून, याचं उत्तर त्यात नव्हतं. फेब्रुवारी 2022 मध्ये महिला दिनानिमित्तच्या चर्चेत अति-उजव्या पक्षाच्या एका महिला खासदाराने भर सभागृहात गांझरर यांचा उल्लेख पुरुष म्हणून केला. म्हणजे माझ्यासारखंच, मोठ्याने.

हाच खटला आपल्याकडे त्याआधी होऊन गेला होता. मध्य प्रदेशातल्या कटनीत महापौरपद स्त्रियांसाठी राखीव होतं. 1999 च्या शेवटी तिथे कमला जान ही हिजडा उमेदवार अपक्ष म्हणून निवडून आली. लोकांनी कोणाला मत देतोय हे पुरतं जाणून दिलं होतं. 2003 मध्ये उच्च न्यायालयाने निवड रद्द ठरवली. कारण, त्या पुरुष आहेत, आणि जागा स्त्रीची. जर्मनीतलंही एक उदाहरण देतो, म्हणजे तिकडचं सगळं चांगलं असा समज नको. 1998 मध्ये क्वेलेनडॉर्फ या पूर्व जर्मनीतल्या खेड्यात महापौराने आपण स्त्री असल्याचं सांगितलं, तर गावाने मतदान घेऊन तिला पदावरून काढलं.

आपल्या वाचकांपैकी काही जण विचारतील की शरियत काय म्हणते. ट्रान्सजेंडर आणि जन्मतः शरीराची खूण स्पष्ट नसलेली व्यक्ती, जिला फिकहमध्ये खुन्सा म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. तरी एक गोष्ट सांगतो. बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात खुन्साने नमाजला कुठे उभं राहायचं याची चर्चा आहे: पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या रांगांच्या मध्ये. रांगेत जागा नाही असं फकिहांनी म्हटलं नाही, जागा शोधली. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला तेव्हा त्याच्या दुसऱ्या भागात त्यांनी हिजड्यांची वेगळी नोंदवही सुरू केली. त्या वहीत नाव चढलेल्याला मृत्युपत्र करता येत नसे, दान देता येत नसे, मूल दत्तक घेता येत नसे. नाव लिहून घेणं म्हणजे नेहमीच मान देणं नसतं.

माझ्याच जिल्ह्यात, भादली बुद्रुक गावी, डिसेंबर 2020 मध्ये अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो नाकारला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, आणि 2 जानेवारी 2021 ला न्यायालयाने सांगितलं की त्या स्वतःला स्त्री मानतात, अर्ज घ्या. त्याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाचा. त्या निवडूनही आल्या. गांझरर यांची मतपत्रिका जुन्या नावाने छापली गेली त्याच्या आठ-नऊ महिने आधीची ही गोष्ट, आणि जळगावची.

जर्मनीने जुना कायदा शेवटी मोडीत काढला. 12 एप्रिल 2024 ला बुंडेस्टागने 374 विरुद्ध 251 मतांनी नवा कायदा केला आणि 1 नोव्हेंबरपासून तो लागू झाला. आता नोंदणी कचेरीत जाऊन स्वतः निवेदन दिलं की पुरतं, अहवाल नको. गांझरर आणि स्लावीक दोघी त्या वेळी सभागृहाच्या सदस्य होत्या.

आपल्या निवडणूक आयोगाने मतदार यादीत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' अशी नोंद करायची सोय 2009 च्या अखेरीस दिली. आपा 2006 मध्येच गेल्या. पुढच्या फेरतपासणीत शाळेच्या भिंतीवर वगळलेल्या नावांचा कागद लागला, तो चिकटवायचं काम माझ्याकडेच होतं. त्यात त्यांचं ते जुनं नाव होतं, पुढे 'पु', आणि शेवटच्या रकान्यात 'मयत'.