उकळूनही न मरणारे: बीजाणू, क्लोरीन आणि यूव्हीची गोष्ट

घरच्या वॉटर प्युरिफायरवर 'यूव्ही' असं लिहिलेलं असतं ना? आज त्या दोन अक्षरांमागचा इतिहास सांगतो.

१८७६ साल. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन वाळक्या गवताचा काढा उकळून बघत होता. बाकीचे जिवाणू मेले, एक जात मात्र परत वाढली. कारण कठीण काळात ती जाड कवचाचा बीजाणू बनून झोपी जायची. पुढच्याच वर्षी जॉन टिंडलने तोड काढली: उकळा, थांबा, बीजाणू जागे झाले की पुन्हा उकळा. पण अख्ख्या शहराचं पाणी असं कोण उकळणार?

त्याच १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी दाखवलं, की उन्हात जंतू वाढत नाहीत. १९१० मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरात पाऱ्याच्या दिव्यांनी पिण्याचं पाणी शुद्ध करून पाहिलं गेलं. दिवे महाग, वर बेभरवशाचे. तिकडे अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ मध्येच क्लोरीन सुरू केलं होतं. स्वस्त आणि सोपं! यूव्ही मागे पडलं.

मग आलं १९९३. अमेरिकेतलं मिलवॉकी शहर. फिल्टर होते, क्लोरीन होतं, तरी अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. क्रिप्टोस्पोरिडियम! हा जिवाणू नाही, परजीवी आहे. पण त्याचं कवचबंद रूप क्लोरीनला दाद देत नाही. एड्सने आधीच खचलेल्या अनेक रुग्णांचा यात जीव गेला. काही वर्षांनी कळलं, की थोड्याशा यूव्हीनेही तो निकामी होतो. यूव्ही परत आलं.

बीजाणू मात्र यूव्हीलाही सहज हार जात नाहीत. त्यांचा डीएनए खास प्रथिनांनी वेढलेला असतो, आणि जागे होताना ते त्याची दुरुस्तीही करतात. म्हणूनच ऑस्ट्रिया-जर्मनीत यूव्ही यंत्रांची परीक्षा बीजाणूंवर घेतात. जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं, तर यूव्हीमुळे त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतात. मग किरण आतल्या डीएनएवर आणि रॅडिकल बाहेरच्या कवचावर, असा दुहेरी मारा होतो.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. यूव्हीचं काम दिव्यासमोरच संपतं. क्लोरीन मात्र नळापर्यंत सोबत येतं. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही, दोघंही लागतात. आणि हो, जुना दिवा निळा दिसत राहतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो. तुमच्या घरचा कधी बदललाय, ते आज विचारा.

भेटू पुढच्या भागात!